मिठाच्या पाण्यातली कोंबडी

मला तापमानाचे काटे वाचायचा पगार मिळतो. एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, सव्वीस वर्षं. कुठला पाईप किती तापलाय, कुठलं पाणी किती थंड झालंय हे मी झोपेतही सांगू शकतो, असं मी पाहुण्यांना सांगत असतो. तर अशा या माणसाने गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जिथे डोक्यावर थेट गच्ची तापते त्या स्वयंपाकघरात, एक किलो कोंबडी मिठाच्या पाण्यात बुडवून सकाळी साडेआठ ते दुपारी दीड ओट्यावर ठेवली. फ्रिज चार पावलांवर होता. पातेल्यावर झाकण ठेवलं होतं, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

कोंबडी माझ्यासाठी नव्हती. ती ताईसाठी होती.

ताई माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि ताईने आपलं शिक्षण सोडून मला शाळेत घातलं. आमचं गाव कळवणच्या बाजूचं. पुढे तिचं लग्न त्याच तालुक्यात झालं, ती अंगणवाडीत लागली, दाजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. गावातल्या तीन पिढ्यांचे शेंबूड पुसून ती रिटायर झाली आणि दोन वर्षांत तिच्या पोटात गाठ निघाली. उपचार नाशकात, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. येताना एक पिशवी आणली होती. मी म्हणालो, "ताई, एवढंच सामान?" तर म्हणाली, "आजारी पडायला आलेय रे, नांदायला नाय."

घरात आजारपणाचं सगळं खातं बायकोकडे होतं. मला तिने त्यात शिपायाचीही जागा दिली नव्हती, आणि योग्यच केलं. ती शाळेत शिकवते. तिला नियम कळतात आणि ते दुसऱ्याकडून पाळून घेता येतात. डॉक्टरांनी सांगितलेलं तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधं पोट बिघडणंही जिवावर बेतू शकतं. म्हणून ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम. शिळं नाही, बाहेरचं नाही, कच्चं नाही. पेशी वाढवायची इंजेक्शनं फ्रिजमध्ये असायची, निळ्या झाकणाच्या डब्यात, आणि त्या डब्याच्या आसपास कच्चं मटण-मासळी दिसली तर माझी खैर नव्हती.

ताईला हे सगळं जरा गमतीचं वाटायचं. "पोरी, आमी वढ्याचं पाणी पिऊन वाढलो," ती बायकोला म्हणायची. बायको म्हणायची, "हो ताई, पण तेव्हा तुमच्या पेशी होत्या." मग दोघी हसायच्या. नणंद-भावजयीचं इतकं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. माझ्याबद्दल बोलायला दोघींना हक्काचं माणूस मिळालं होतं, हेही एक कारण असेल.

तिसऱ्या केमोनंतर ताईचं खाणं फारच कमी झालं. तोंडाला सतत कोरड. मऊ भात आणि मुगाचं वरण, तेही चार घास. बायकोने एकदा कोंबडीचा रस्सा केला होता. रस्सा ताई प्यायली, पण फोड चावून चावून तिचा चोथा झाला आणि तो घशाखाली उतरेना. पदराआड काढून तिने तो वाटीत ठेवला आणि आम्हाला दिसला नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं.

आणि मग एका शुक्रवारी, मी ड्यूटीवरून आल्यावर, ती आपणहून म्हणाली, "भाऊ, मला कोंबडी खावीशी वाटतीय रे. फोड. रस्सा नाय."

आयुष्यभर या बाईने मला काही मागितलं नव्हतं. माझ्या पहिल्या पगारातून आणलेली साडीसुद्धा तिने, 'माझ्याकडे हायेत' म्हणून परत पाठवली होती. मला इतका आनंद झाला की काय करू कळेना, आणि काय करू कळेना की मी मोबाईल उघडतो. तिथे एक बाई सांगत होती की कोंबडी शिजवण्याआधी मिठाच्या पाण्यात मुरवली तर मांस पाणी धरून ठेवतं, कोरडं पडत नाही, अगदी लोण्यासारखं होतं. लोण्यासारखं! मी व्हिडिओ तीनदा बघितला. तिन्ही वेळा ती बाई पातेलं फ्रिजमध्ये ठेवताना मी पुढे ढकलला असावा.

शनिवार माझ्या सुट्टीचा. बायको शाळेत, परीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून उशिरा येणार होती. मी सात वाजता चिकनच्या दुकानात हजर. डोळ्यांसमोर कापून घेतली, मोठे तुकडे, हाडासकट. घरी येऊन पातेल्यात पाणी घेतलं, मीठ घातलं. किती? हाताला येईल तेवढं. मी पाण्याची चव घेतली आणि समुद्र आठवला तेव्हा थांबलो. कोंबडी बुडवली, पातेलं उचललं, फ्रिजचं दार उघडलं.

खालच्या कप्प्यात अर्धं कलिंगड होतं. आदल्या दिवशी मीच आणलेलं, 'स्वस्त आहे' म्हणून, तिघांच्या घरात सहा किलोचं. मधल्या कप्प्यात दूध, भाज्या, आणि निळ्या झाकणाचा डबा. मी पातेलं हातात धरून उभा, दार उघडं म्हणून फ्रिज ओरडायला लागला.

ताई मागून बघत होती. स्वयंपाकघराच्या दारात तिची खुर्ची असायची.

"काय रे, काय शोधतो?"

"जागा नाही ताई. बाहेर राहील का?"

"मिठात हाय ना?"

"मिठात आहे."

"मग काय होतंय त्याला? मिठातलं मटण कधी नासत नाय."

इथे मला थोडं मागे जावं लागेल. आमच्या लहानपणी मटण रोजचं नव्हतं. कधी जास्त वाटा आला की ताई त्याच्या चान्या करायची. मांसाच्या पातळ, लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि अंगणात दोरीवर वाळत घालायच्या. दोन-तीन दिवस कडक ऊन. ताई खाली काठी घेऊन कावळे हाकत बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून वरच्या पट्ट्या मोजायचो. वाळून त्या लाकडासारख्या झाल्या की मडक्यात. मग पावसाळ्यात, घरात काही नसलं की दोन चान्या निखाऱ्यावर भाजायच्या, भाकरीबरोबर. ते मडकं आठ-आठ महिने टिकायचं. आमच्या घरावर ज्या गोष्टींचे उपकार आहेत त्यात मीठ बरंच वर आहे.

त्यामुळे ताईने 'मिठात नासत नाही' म्हटलं तेव्हा माझ्या दृष्टीने ते एका बाईचं मत नव्हतं. त्या मडक्यावर मी वाढलो होतो. चान्यांत मूठमूठ मीठ असतं आणि ऊन त्यातलं सगळं पाणी ओढून घेतं, आणि मी मात्र त्यामानाने थोडंसंच मीठ घालून कोंबडी पाण्यातच ठेवतोय, म्हणजे नेमकं उलटं करतोय, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. बॉयलरच्या पाण्यावर मी लोकांना अर्धा तास बोलू शकतो.

पातेलं ओट्यावर ठेवलं. आणि जितकं जास्त मुरेल तितकं मऊ, असं मीच ठरवून तासाचे दोन, दोनाचे पाच तास केले.

ती सकाळ फार चांगली गेली. ताई आंघोळ करून बसली. केस नव्हतेच, तरी डोक्याला रुमाल नवा बांधला. आणि तिने कवळी लावली. हिरड्या दुखतात म्हणून कितीतरी दिवस कवळी वाटीत पडून होती. "बघ, कशी दिसतेय?" तिने विचारलं. मी म्हणालो, "अंगणवाडीतल्या बाई दिसतायत." मग तिने आमच्या गावच्या गोष्टी काढल्या. मला लहानपणी कोंबडीची तंगडी मिळाली नाही की मी कसा गोठ्यात जाऊन रुसायचो, आणि तिने आपल्या वाटची तंगडी मला कशी दिली.

"तुला तंगडी आवडायची नाही म्हणून दिलीस ना?" मी म्हणालो. लहानपणापासून मला हेच माहीत होतं.

"आवडायची नाय?" ताई हसली. कवळीमुळे हसणं मोठं दिसलं. "येडा हायेस का? तंगडी कुनाला आवडत नाय?"

म्हणजे मी पन्नाशीला आल्यावर मला हे कळलं. मी उठून कांदे चिरायला घेतले. कांदे असताना डोळ्यांचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

"आज तंगडी तुझी," मी म्हणालो. "दोन्ही."

"बघू की," ती म्हणाली. आणि मग, "लवकर कर रे. भूक लागल्यासारखं वाटतंय."

भूक. तो शब्द घरात दीड महिन्याने ऐकला. मी खरंतर त्याच क्षणी गॅस पेटवायला हवा होता. पण मला लोणी हवं होतं ना! म्हटलं, ताई, थोडा दम धर, बायको येऊ दे, गरमगरम बसू.

बायको दीड वाजता आली. पर्स खुंटीला लावली, हात धुतले, पातेल्यावरचं झाकण उचललं.

"हे कधीपासून बाहेर आहे?"

"मुरतंय ते. मिठाच्या पाण्यात."

"अहो, कधीपासून?"

"सकाळी... साडेआठ असतील."

तिने पातेल्यात बोट घातलं. पाणी कोमट झालं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ताईकडे बघितलं. ताई दारात खुर्चीवर बसलेली, मांडीवर हात, तोंडात कवळी.

"ताई, हे नाही देता येणार."

"अगं मिठात हाय ते. आन शिजल्यावर काय राहतंय त्यात?"

"ताई, मंगळवारी तुमचा रिपोर्ट किती आला, माहितीये ना? एवढ्या उकाड्यात पाच तास. उकळून सगळं जात नाही. काही झालं तर मी डॉक्टरांना काय सांगू?"

"मी चान्या खाल्ल्यात आयुष्यभर, पोरी."

"माहितीये ताई."

मी मध्ये पडलो. म्हणालो, आपण दोघं खाऊ, बघू काही होतं का. हा माझ्या बुद्धीचा त्या दिवसातला दुसरा आविष्कार. बायकोने पाणी सिंकमध्ये ओतलं, कोंबडी पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली, दुसरी पिशवी घातली, तिलाही गाठ मारली, आणि खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. मग सिंक साबणाने घासला. ओटा घासला. पातेलं उकळत्या पाण्यात घातलं. घासण्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी दुसरी आणतो," मी म्हणालो. "अर्ध्या तासात."

"नको रे," ताई म्हणाली. "ऱ्हाऊ दे. आता भूक गेली. पुढच्या शनिवारी कर." मग बायकोला म्हणाली, "बरं केलंस पोरी. तुला डोकं हाय. याला पहिल्यापासून नाय."

आणि तिने तोंडातून कवळी काढली, रुमालाने पुसली आणि वाटीत ठेवली.

पुढचा शनिवार मी सोडणार नव्हतो. आठवडाभर अभ्यास केला, बायकोकडून समजून घेतलं, व्हिडिओ न ढकलता बघितला. कलिंगड संपवलं, एकट्याने. फ्रिजमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर आणलं. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. पाणी उकळलं, गार केलं, मग फ्रिजमध्ये पूर्ण थंड केलं, आणि मगच त्यात कोंबडी घातली, सगळे तुकडे बुडतील अशी. झाकणाचं स्टीलचं भांडं, खाली ताट, सगळ्यात खालचा कप्पा, म्हणजे चुकून सांडलं तरी दुसऱ्या कशावर पडायला नको. निळा डबा वर हलवला. काटा चारावर. मी दर दहा मिनिटांनी तो बघत होतो, शेवटी बायको म्हणाली, "दार सारखं उघडून काही थंड होत नसतं." तुकड्यांना दोन तास पुरतात, दोनच तास ठेवलं. पाणी फेकून दिलं, परत वापरायचं नसतं. कोंबडी नळाखाली धुतली नाही, शिंतोडे उडतात म्हणून. कागदाने टिपून घेतली. मसाल्यात मीठ घातलं नाही. हाडापर्यंत शिजवली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं चोख काम केलं नसेल.

आणि ती झाली. खरंच झाली. बोटाने दाबली तर तुटत होती. बायकोने चव घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जशा नजरेने तिने लग्नानंतर बहुतेक दोनदाच बघितलं असेल.

पण मधल्या मंगळवारी चौथी केमो झाली होती. ताई पलंगावरून उठत नव्हती. मी ताट घेऊन तिच्याजवळ बसलो. ताटात दोन्ही तंगड्या. कवळी आता तिच्या तोंडात बसत नव्हती, तोंडच बारीक झालं होतं. मी फोडीचे धागे सुटे करून, नखाएवढा घास करून तिच्या तोंडात दिला. तिने तो जिभेवर फिरवला. बराच वेळ. गिळलासुद्धा.

"लय मऊ झालीय," ती म्हणाली.

"अजून देऊ?"

"चव नाय कळत रे, भाऊ. कशाचीच नाय कळत. मागच्या शनिवारपतूर कळत होती." हे तिने मला बोल लावायला म्हटलं नव्हतं. ती आपली सांगत होती, जसं पाऊस कुठवर आलाय ते सांगतात. "तू खा. माझ्यासमोर खा. मी बघते."

मी खाल्ली. दोन्ही तंगड्या खाल्ल्या, ती बघत होती तोवर. छान झालीय, म्हणालो. बोटं चाटून दाखवली. ताईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि मी गिळत होतो. कोरडेपणा काय असतो, घास कसा घशात उभा राहतो, हे मला तेव्हा कळलं, आणि कोंबडी तर लोण्यासारखी झाली होती.

त्यानंतर ती पाच आठवडे होती. काही मागितलं नाही.

या वर्षी तिच्या पुण्यस्मरणाला गावाकडची माणसं घरी आली होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. आमच्यात जेवणानंतर मला बोलायला लावायची पद्धत आहे. मी आहेच तसा, गप्पिष्ट. कोणीतरी म्हणालं, ताईची काहीतरी आठवण सांग. मी ही कोंबडी सांगितली. काट्यांचा पगार, सहा किलोचं कलिंगड, समुद्र, सगळं. बायको कशी फौजदारासारखी आली, तिने पातेल्यात बोट कसं घातलं, दोन पिशव्या आणि दोन गाठी कशा मारल्या, हे मी उभं राहून करून दाखवलं. माणसं पोट धरून हसली. कोणी म्हणालं, ताईने मिठाचं सर्टिफिकेट दिलं तिथेच तुमचं चुकलं. दुसऱ्या शनिवारबद्दल मी दोनच वाक्यं सांगितली, तीही अशी की लोकांनी मान हलवावी आणि पुढचा विषय काढावा. मला ते जमतं.

संध्याकाळी चारपर्यंत सगळे गेले. बायको भांडी घासत होती, मी पुसून लावत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना, म्हणून मी म्हणालो, "हसले ना सगळे? ताईलाही आवडलं असतं."

"हसले," ती म्हणाली.

मग तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

"तुम्ही दर वेळी सांगता, मी बाहेर ठेवली, मी बाहेर ठेवली. लोक हसतात, तुमच्या पाठीवर हात ठेवतात, तुम्ही मोकळे होता. पण फेकली मी होती. ताई कवळी लावून दारात बसल्या होत्या आणि मी त्यांच्यादेखत फेकली. आणि आजही तसंच झालं तर मी फेकीनच. ते कुणाला हसून सांगता येत नाही हो मला."